इंदूरचा आमचा गेमिंग क्लब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर आठवड्याला कोणी ना कोणी हेच प्रश्न विचारतं. कधी कोणाची आई, कधी कोणाचा मावसभाऊ, कधी बडोद्याला किंवा ग्वाल्हेरला असाच क्लब काढू पाहणारं कोणी. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. क्लब मी २०२० पासून चालवते आहे, त्यामुळे उत्तरं माझ्या अनुभवातली आहेत.

हा क्लब म्हणजे नक्की काय?

मंगळवार आणि शनिवार, रात्री साडेनऊ वाजता, इंदूरची आणि इंदूरहून बाहेर गेलेली मराठी मंडळी आपापल्या घरी हेडफोन लावून बसतात आणि एकत्र व्हिडिओ गेम खेळतात. एवढंच. आमची स्पर्धेला उतरणारी टीम नाही आणि कोणाला व्यावसायिक खेळाडू बनवायची शिकवणीही नाही. यादीत साठेक नावं आहेत. शनिवारी पंधरा-वीस जण येतात, मंगळवारी आठ-दहा. सगळ्यात धाकटा चौदा वर्षांचा आहे आणि सगळ्यात मोठे काका बँकेतून निवृत्त झालेले आहेत.

सुरुवात कशी झाली?

२०२० च्या एप्रिलमध्ये, लॉकडाऊनमध्ये. लोकमान्य नगरात शेजारीशेजारी राहणारी आम्ही भावंडं अचानक एकमेकांच्या घरीही जाऊ शकत नव्हतो. फोनवर लूडो सुरू केला, मग पबजी. पबजीच्या एका स्क्वॉडमध्ये, म्हणजे टोळीत, चार जण असतात आणि आम्ही पाच होतो. पाचवी माझी मामेबहीण. रोज तिलाच सांगायचो, "तू पुढच्या मॅचला ये." ती पुढची मॅच चार-चार दिवस यायची नाही. एके दिवशी तिने ऑनलाइन येणंच बंद केलं, आणि कोणाच्या लक्षातही यायला आठवडा लागला.

मला ते फार लागलं. तेव्हा वहीत नावं लिहून पाळ्या लावल्या. क्लब सुरू झाला तो त्या वहीपासून. पुढे भावंडांचे मित्र आले, मित्रांचे काका-मामा आले. पाचव्या माणसाचं काय करायचं, हा प्रश्न मात्र आजही दर शनिवारी सोडवावा लागतो. क्लब चालवणं म्हणजे बरंचसं हेच काम.

मग पाचव्याचं काय करता?

तीन गोष्टी करतो.

पहिली, पाळी. बीजीएमआयची (ही पबजीची भारतातली आवृत्ती) एक क्लासिक मॅच शेवटपर्यंत टिकलात तर अर्ध्या तासाच्या आसपास चालते. साडेनऊ ते साडेअकरा धरलं तर एका रात्रीत जेमतेम चार-पाच मॅच होतात. त्यामुळे कोणीही लागोपाठ दोन मॅच बाहेर बसायचं नाही, हा नियम. चांगला खेळतो म्हणून कोणाची पाळी चुकत नाही.

दुसरी, खोलीचं दार उघडं. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर बोलण्याच्या खोलीला माणसांची मर्यादा घालता येते. आम्ही सुरुवातीला स्क्वॉडच्या खोलीला चारची मर्यादा घातली होती, गोंधळ नको म्हणून. पाचवा आला की त्याला खोली भरलेली दिसायची आणि तो निघून जायचा. ती मर्यादा काढून टाकली. आता बाहेर बसलेला माणूस ऐकत असतो, स्क्रीन शेअर केली की बघतही असतो. बरेचदा "मागे बघ, मागे!" हे त्याचंच ओरडणं असतं.

तिसरी, गेम बदलणे. माणसं आठ-दहा झाली आणि दोन स्क्वॉड जमत नसले, तर हट्ट न करता 'अमंग अस' या गेमकडे वळतो. त्यात पंधरा जणांपर्यंत बसतात.

मला नीट खेळता येत नाही. चालेल?

चालेल असं नुसतं म्हणणार नाही. या अगदी. तुमच्यासाठी आमच्याकडे वेगळी खोलीच आहे, तिचं नाव लिंबूटिंबू.

गल्लीत लपाछपी खेळताना धाकट्या भावंडाला लिंबूटिंबू म्हणून घ्यायचे, आठवतं? त्याच्यावर राज्य यायचं नाही, पकडला गेला तरी आउट धरायचे नाहीत. पण तो खेळात असायचा, सगळ्यांबरोबर पळायचा, ओरडायचा. दोन उन्हाळ्यांत तोच सगळ्यांना शोधून काढायला लागायचा. शिकवण्याची याहून चांगली पद्धत मला अजून सापडलेली नाही.

आमच्याकडे एक काकू आल्या, मुलगा पुण्याला नोकरीला गेल्यावर. फोनवर खेळताना डाव्या अंगठ्याने चालायचं आणि उजव्याने मान वळवायची, हे दोन्ही एकाच वेळी त्यांना जमेना. पहिले तीन दिवस त्यांच्या स्क्रीनवर एक तर आभाळ नाही तर पायाखालची माती. ट्रेनिंग ग्राउंडवर मी त्यांना एकच काम दिलं: त्या पिंपाभोवती गोल चालायचं आणि नजर पिंपावरच ठेवायची. बंदूक नाही, पळापळ नाही. चौथ्या दिवशी पिंप स्क्रीनच्या मधोमध राहिलं. काकू काही बोलल्या नाहीत, फक्त आणखी दोन चकरा मारल्या. आज आमच्यात पावलांचा आवाज सगळ्यात आधी त्यांना ऐकू येतो. "उजवीकडे, वरच्या मजल्यावर, एकच आहे" असं त्या इतक्या शांतपणे सांगतात की बाकीचे तिघे निमूटपणे उजवीकडे वळतात.

नवीन माणसाबरोबर पहिले चार दिवस एक जुना सदस्य असतो. त्या चार दिवसांत हार-जीत कोणी मोजत नाही. "नूब" हा नवशिक्याला हिणवणारा शब्द क्लबमध्ये चालत नाही.

कोणते गेम खेळता?

बीजीएमआय सगळ्यात जास्त, कारण फोन प्रत्येकाकडे आहे. पीसीवाले व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळतात. हे दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हींचे सर्व्हर मुंबईत आहेत, हा आपल्याला मोठाच फायदा. एज ऑफ एम्पायर्स २ ची जुनी मंडळी आहेत, त्यात आठ जण बसतात. माइनक्राफ्टमध्ये, म्हणजे ठोकळे रचून बांधायच्या गेममध्ये, आमचं स्वतःचं जग आहे, त्याबद्दल खाली लिहिलं आहे. बुद्धिबळ लिचेस या वेबसाइटवर खेळतो. ते पूर्ण फुकट आहे, जाहिरातीही नाहीत.

नवीन गेम घ्यायचा तर माझी कसोटी एकच. तो फुकट किंवा स्वस्त आहे का, आणि सर्वात साध्या फोनवाला आमचा सदस्य तो खेळू शकतो का? नसेल तर तो गेम ज्यांना हवा त्यांनी मंगळवारी खेळावा. शनिवार सगळ्यांचा.

एखादा गेमच बंद झाला तर क्लबचं काय?

झालेला आहे, दोनदा. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली. बीजीएमआय २ जुलै २०२१ ला आला, २८ जुलै २०२२ ला ॲप स्टोअरवरून काढला गेला आणि २०२३ च्या मे अखेरीस परत आला. पहिल्या बंदीनंतर आमच्यातले निम्मे लोक गळाले. तेव्हा मी घाबरले होते, कारण क्लब म्हणजे पबजी असंच आम्ही धरून चाललो होतो. दुसऱ्या वेळेला एकही माणूस गेला नाही. मधल्या काळात मंगळवार-शनिवारची सवय पक्की झाली होती. गेम नसला तरी साडेनऊला लोक येऊन बसायचे आणि मग ठरवायचे, आज काय खेळायचं. म्हणून नवीन क्लब काढणाऱ्यांना सांगते, क्लबला गेमचं नाव देऊ नका.

साडेनऊच का? आणि बाहेरगावच्यांचं काय?

इंदुरात दुकानं उशिरा बंद होतात. आमच्यातले तिघे घरच्या दुकानावर बसतात. दुकान वाढवून, घरी येऊन जेवेपर्यंत नऊ वाजतातच. साडेनऊच्या आधीची वेळ त्यांना कधीच जमली नसती.

आपले साडेनऊ म्हणजे न्यू जर्सीत हिवाळ्यात सकाळचे अकरा आणि उन्हाळ्यात दुपारचे बारा. जर्मनीत संध्याकाळचे पाच किंवा सहा. तिकडे घड्याळ वर्षातून दोनदा सरकतं, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मधले ते आठवडे गोंधळाचे असतात. डिस्कॉर्डवर वेळ खास पद्धतीने लिहिता येते, म्हणजे ज्याला त्याला आपापल्या गावची वेळ दिसते. तशीच लिहा, हिशोब करत बसू नका.

वेळ आम्ही कधीही बदलत नाही. मी आजारी असले तरी ओट्यावर कोणीतरी असतंच. फक्त दोन रात्री सुट्टी: अनंत चतुर्दशी, कारण अख्खं इंदूर मिरवणुकीतल्या झांक्या, म्हणजे देखावे, बघायला रस्त्यावर असतं, आणि रंगपंचमी, कारण सकाळी गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, ओरडून रात्री कोणाच्या घशातून आवाज निघत नाही.

ओटा म्हणजे?

आमच्या खोल्यांची नावं वाड्यातली आहेत. आल्यावर सगळे जमतात तो ओटा. खेळायच्या खोल्या म्हणजे अंगण, माजघर आणि परसदार. फोन ठेवून जेवायला गेलेल्याला माळ्यावर टाकतो. नवीन माणसाला ही नावं एका दिवसात पाठ होतात. आधी सगळ्याला नुसते आकडे होते, तेव्हा कोणालाच काही लक्षात राहायचं नाही.

व्हॉट्सॲपवर का नाही चालवत?

निरोपासाठी व्हॉट्सॲप आहेच. पण तिथे प्रत्येकाचा फोन नंबर प्रत्येकाला दिसतो. क्लबमध्ये मुली आहेत, शाळकरी मुलं आहेत, त्यामुळे मला ते नको होतं. डिस्कॉर्डवर नंबर दिसत नाही, आणि मुख्य म्हणजे तिथे फोन लावावा लागत नाही. खोलीत कोण बसलंय ते दिसतं, आपण आत शिरायचं. ओट्यावर दोघं बसलेली दिसली की तिसरा आपसूक येतो. बोलण्यावर डेटाही फार जात नाही. ६४ केबीपीएसचा साधा आवाज धरला तर एक जण सतत तासभर बोलला तरी २९ एमबी.

इंटरनेट चांगलं आहे, तरी गेम अडकतो. काय करू?

हा सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून सविस्तर सांगते.

स्पीड आणि पिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शंभर एमबीपीएसचं कनेक्शन असलं म्हणजे सिनेमा लवकर उतरतो. गेमला एवढं लागतच नाही. गेमला लागतं ते हे की तुमचा छोटासा निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन झटकन परत यावा. त्या जाण्यायेण्याला लागणारा वेळ म्हणजे पिंग, आणि तो मिलिसेकंदांत मोजतात.

यात अंतर महत्त्वाचं. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. इंदूरहून सिंगापूर सरळ रेषेत चार हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन येऊन आठ हजार. सगळं काही आदर्श असलं तरी ४० मिलिसेकंद तिथेच गेले, आणि प्रत्यक्षात तारा सरळ रेषेत जात नाहीत. मुंबई त्या मानाने शेजारची आळी. म्हणून गेमच्या सेटिंगमध्ये सर्व्हर निवडता येत असेल तर आधी तो बघा. आमच्या एका मुलाने महिनाभर राऊटरला शिव्या घातल्या आणि शेवटी सापडलं काय, तर गेम सिंगापूरवर लावलेला होता.

दुसरं कारण घरातलं. तुम्ही खेळत असताना कोणाच्यातरी फोनवरून लग्नाचे फोटो ढगात चढत असतात. अपलोडची वाट भरली की तुमचा निरोप रांगेत अडकतो आणि पिंग ३० वरून ३०० वर जातो. घरच्यांशी भांडू नका, फोटोंचा बॅकअप रात्री उशिराचा लावून द्या.

तिसरं, वायफाय. आपल्याकडची जुनी घरं जाड भिंतींची. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जवळून उत्तम, पण भिंत ओलांडताना दमतो. २.४ चा लांब पोचतो, पण त्यावर शेजारपाजारच्या राऊटरांची गर्दी. पीसी असेल तर सरळ लॅनची तार ओढा. दारावरून, चौकटीवरून, कशीही. तारेइतकं भरवशाचं काही नाही.

आणि पावसाळ्यात लाइट गेली की राऊटरही जातो. राऊटरपुरता छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. लाइट गेल्यावर फोनची बॅटरी असते, घरातला फायबर बहुतेक वेळा चालू असतो, बंद पडलेला असतो तो फक्त राऊटर.

मराठीतच बोलावं लागतं का?

सक्ती नाही. पण बोललं जातं, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. आमच्या इथल्या मुलांचं शाळेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी, मराठी फक्त आजीशी. गेममध्ये मात्र वाक्यं लहान असतात आणि लगेच बोलावी लागतात: "झोन आला, पळ", "झाडामागे एक", "मला उचल ना कोणीतरी". व्याकरण आठवायला वेळच नसतो. चौदा वर्षांचा तो मुलगा पहिल्या महिन्यात फक्त "भिया, कव्हर दे दो" म्हणायचा. आता न्यू जर्सीतल्या एका दादाला तो मराठीत सांगतो की दगडाच्या डाव्या अंगाने ये. दादाची मराठी गंजली होती, तीही सुटायला लागली आहे. "डावं अंग" हा शब्द त्या मुलाला काकूंकडून मिळाला.

हिंदीत बोललात तरी कोणी टोकणार नाही. चुकीच्या मराठीला हसायचं नाही, हा मात्र नियम आहे.

माझा मुलगा यायचं म्हणतो. वयाची अट काय?

डिस्कॉर्डची स्वतःची अट किमान १३ वर्षांची आहे, ती आम्ही काटेकोर पाळतो. १३ ते १८ मधल्या प्रत्येकाच्या आई-वडिलांशी मी स्वतः फोनवर बोलते, त्याशिवाय आत घेत नाही. शाळेच्या दिवसांत अठराखालच्यांनी साडेदहाला उठायचं. बीजीएमआयमध्ये अठरा वर्षांखालच्या खेळाडूला दिवसाला ३ तासांची मर्यादा गेमनेच घातली आहे. मुलाने खातं काढताना वय खोटं टाकलं असेल तर ती लागत नाही, म्हणून खातं काढताना शेजारी बसा.

आणि एक विनंती. एखाद्या शनिवारी तुम्हीही हेडफोन लावून ओट्यावर येऊन बसा. खेळू नका, नुसतं ऐका. मुलं कोणाशी काय बोलतात ते कळेल, आणि तुमची भीती बरीचशी जाईल. जी राहील ती मला सांगा.

व्यसन लागेल का?

हा प्रश्न मी हलक्यात घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, गेमिंग डिसऑर्डर हा आजार नोंदलेला आहे. ही यादी २०२२ च्या जानेवारीपासून लागू झाली. तिथे तासांचा आकडा दिलेला नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमला वरचं स्थान मिळणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, अशी लक्षणं आहेत.

मी तीन साध्या गोष्टी बघते. मूल जेवण टाळतं का, झोप टाळतं का, आणि हरल्यावर किती वेळ धुमसतं. तिन्ही दिसली की क्लबमधून सुट्टी देते, शिक्षा म्हणून नाही, आणि घरी फोन करते. गरज वाटली तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, बोलायला लाज वाटण्याचं काही कारण नाही.

मुलींसाठी सुरक्षित आहे का?

सार्वजनिक लॉबीत, म्हणजे मॅचआधी अनोळखी लोक जमतात तिथे, माईक चालू केला, आवाज बाईचा आहे हे कळलं, आणि पुढच्या दहा सेकंदांत काय काय कानावर आलं, हे मी स्वतः अनुभवलं आहे. त्या दिवशी मी गेम बंद करून ठेवला होता. त्यामुळे आमच्याकडे गेममधला माईक बंद ठेवायचा, बोलायचं ते फक्त डिस्कॉर्डच्या आपल्या खोलीत. अनोळखी माणूस ऐकूच शकत नाही. सदस्यांकडून येणारे खाजगी मेसेज प्रत्येक सर्व्हरपुरते, म्हणजे डिस्कॉर्डवरच्या त्या क्लबपुरते, बंद करता येतात. नवीन मुलगी आली की पहिलं काम तेच करून देते.

बाकी चुकांना समज मिळते, मग आठवड्याची बंदी. बाईमाणसाला उद्देशून घाणेरडं बोललं, किंवा कोणाचा फोटो मागितला, तर दुसरी संधी नाही. आजवर दोघांना काढलं. त्यातला एक उत्तम खेळाडू होता.

भांडणं कोण सोडवतं?

तीन कारभारी आहेत, मी धरून. कोणाला काढायचं तर दोघांचं एकमत लागतं, आणि ज्याच्या नातेवाइकाचा मामला असेल त्याने बाजूला बसायचं. इंदूरच्या मराठी वस्तीत कोण कोणाचं नातेवाईक नाही, म्हणून हा नियम फार उपयोगी पडतो. कोणी कोणाला काढलं, कोणी काय बदललं याची नोंद डिस्कॉर्ड ४५ दिवस ठेवतं. त्यापुढे हवी असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा.

भांडण ओट्यावर कधीच सोडवत नाही. दोघांना वेगवेगळं ऐकतो, तेही दुसऱ्या दिवशी. रात्री साडेअकराला हरलेल्या माणसाशी न्यायाची गोष्ट करू नये.

माइनक्राफ्टच्या राजवाड्याचं काय झालं होतं?

आमच्या जगात आम्ही इंदूरचा आपला राजवाडा बांधला आहे, सात मजली, खऱ्यासारखाच: खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. निम्मे सदस्य फोनवर खेळतात म्हणून बेडरॉक आवृत्ती घेतली. पीसीवरची जावा आवृत्ती वेगळी, दोन्ही सरळ एकत्र चालत नाहीत, हे आधीच बघून ठेवा. गेम प्रत्येकाने विकत घ्यायचा. बेडरॉकचा सर्व्हर प्रोग्राम मात्र कंपनी फुकट देते.

कोणीतरी हौसेने पाचव्या मजल्यावर दिवा म्हणून लाव्हा ठेवला. लाव्हाजवळचं लाकूड पेट घेतं. गेममध्ये खेळाडू जवळपास असेल तरच जगाचा तो तुकडा जिवंत राहतो. कोणी नसतं तर आग तिथेच थिजून राहिली असती. पण त्या मंगळवारी दोन मुलं खाली तळघर खणत होती, मान खाली घालून. वर आली तेव्हा तीन दगडी मजले उभे होते आणि वर मोकळं आकाश.

त्या जगाची जपून ठेवलेली शेवटची प्रत बारा दिवसांपूर्वीची होती. त्या बारा दिवसांत सज्जांची सगळी नक्षी झाली होती, ती गेली. चूक माझी होती, प्रत काढणं माझं काम होतं. खरा राजवाडाही १९८४ साली जळला आणि पुढे पुन्हा उभा राहिला, हे काकांनी ओट्यावर सांगितलं तेव्हा मुलांचे चेहरे खुलले. पाच आठवड्यांत वरचे चार मजले परत झाले. आता आग पसरण्याचा नियम सर्व्हरवर बंद आहे, रोज पहाटे तीनला प्रत निघते, सात दिवसांच्या प्रती राहतात आणि महिन्याची एक वेगळ्या डिस्कवर जाते. यादीत नाव नसलेल्याला आत येता येत नाही.

फी किती? स्पर्धा, बक्षिसं असतात का?

वर्षाला ३०० रुपये वर्गणी, विद्यार्थ्यांना माफ. ती सर्व्हरच्या भाड्याला जाते, हिशोब दर महिन्याला सगळ्यांसमोर टाकते.

पैसे लावून खेळणं अजिबात नाही. "प्रत्येकी पन्नास काढू, जिंकेल त्याला सगळे" असं दर वर्षी कोणीतरी सुचवतं. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने, ज्याला २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, पैसे लावून जिंकण्याच्या आशेने खेळले जाणारे ऑनलाइन गेम पुरवण्यावर बंदी आहे. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ई-स्पोर्ट्स आणि नुसते करमणुकीचे गेम वेगळे धरले आहेत. घरगुती क्लबने या रेषेच्या जवळही जाऊ नये. आणि कायदा नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं. पन्नास रुपये लागले की पहिला बाहेर काढला जातो तो लिंबूटिंबू.

दिवाळीत एक छोटी स्पर्धा होते. बक्षीस म्हणजे कोणाच्यातरी घरच्या चकल्या.

फुकट यूसी (बीजीएमआयमधले विकतचे पैसे) मिळतील अशी लिंक आली आहे. उघडू का?

नाही. पासवर्ड किंवा ओटीपी मागणारी प्रत्येक लिंक चोराची समजा, ती आमच्याच सदस्याच्या नावाने आली असली तरी. त्याचं खातं आधीच गेलेलं असू शकतं. पैसे गेले तर वेळ न घालवता १९३० या सरकारी सायबर-फसवणूक हेल्पलाइनला फोन करा. घरच्यांना सांगायची भीती वाटत असेल तर आधी मला सांगा, मी बोलेन त्यांच्याशी.

प्रत्यक्ष भेटता का?

थंडीत एकदा सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या सराफ बाजारात. रात्री सराफांची दुकानं बंद झाल्यावर त्याच ओट्यांसमोर खाण्याची दुकानं लागतात, तिथे. तळलेला गराडू (एक कंद) आणि भुट्ट्याचा कीस होतोच. वर्षभर नुसता आवाज ओळखीचा असतो, त्यामुळे पहिली पाच मिनिटं सगळे डोळे मिटून बोलल्यासारखे बोलतात. अठराखालच्यांनी मोठ्या माणसाबरोबरच यायचं.

मला माझ्या गावात असा क्लब काढायचा आहे. किती माणसं हवीत?

पाच. चार असतील तर तो स्क्वॉड झाला, खेळा आनंदाने. पाचवा आला की वही काढा.

आज यायचं आहे. काय करू?

ज्या सदस्याला ओळखता त्याच्याकडून निरोप पाठवा. सव्वानऊला ओट्यावर या, म्हणजे गर्दी व्हायच्या आत माईक तपासता येईल. फोनबरोबर आलेले साधे इअरफोन चालतात. पंखा तोंडासमोर असेल तर जरा तिरका बसा, नाहीतर सगळ्यांना वादळ ऐकू येतं. नाव सांगा, कोणत्या आळीतले तेही सांगा. काकू त्यावरून तुमच्या घरातलं कोणीतरी ओळखीचं काढतीलच.